द्राक्षमळे, समुद्रकिनारे आणि आपली औषधाची डबी

दिवाळी आटोपली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलगा पर्थला आहे. नाताळच्या सुटीत तो आम्हाला फिरायला नेणार आहे. तिकडे म्हणे द्राक्षाचे मळे आहेत, वाइनचे कारखाने आहेत आणि शेजारीच समुद्र. एखादा घोट घेतला तर चालेल ना? रेड वाइन हृदयाला चांगली असते असं वाचलंय." विचारणारे गृहस्थ बहुधा साठी ओलांडलेले, पंधरा वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. शेजारी बसलेल्या वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र वेगळाच प्रश्न असतो. त्यांना वाइनची काळजी नसते. 'हे पाण्यात उतरणार, आणि ऐकणार नाहीत' ही त्यांची काळजी असते.

आमच्या मते वहिनींचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पण दोन्हींची उत्तरे देऊ.

ज्या भागाची ही चौकशी असते त्याचे नाव मार्गारेट रिव्हर. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या दक्षिणेला मोटारीने सुमारे तीन तासांच्या अंतरावर, नॅचरलिस्ट आणि लीउविन या दोन भूशिरांच्या मध्ये हा पट्टा आहे. लांबी सुमारे शंभर किलोमीटर. एका बाजूला हिंदी महासागर, म्हणजे रत्नागिरी-मालवणला पाय धुणाऱ्या पाण्याचेच दूरचे टोक. दुसऱ्या बाजूला उंच वृक्षांची रांग आणि तिच्या आडोशाला द्राक्षाचे मळे. शंभराहून अधिक वाइन उत्पादक या चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. सकाळी मळ्यात आणि दुपारी वाळूत, असा बेत एकाच दिवसात जमतो. तिथे जाणाऱ्यांना भुरळ पडते ती याचीच, आणि वैद्यकीय दृष्टीने गोम आहे तीही इथेच.

मळे लावले डॉक्टरांनी

मौजेची गोष्ट अशी की हा वाइनचा प्रदेश उभा केला तो मुख्यतः डॉक्टरमंडळींनी. जॉन ग्लॅडस्टोन्स या शेतीशास्त्रज्ञाने १९६५-६६ च्या सुमारास लेख लिहून दाखवून दिले, की इथली माती आणि हवामान द्राक्षाला उत्तम मानवेल. तोवर हा भाग दूधदुभत्याचा आणि लाकूडतोडीचा. लेख वाचून पुढे सरसावले पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. टॉम कलिटी. त्यांनी १९६७ साली 'वास फेलिक्स' हा मळा लावला. दवाखाना सांभाळून सुटीच्या दिवशी एवढा पल्ला गाठायचा आणि मळ्यात राबायचे, असा त्यांचा क्रम होता. द्राक्षे पिकली की पाखरे तुटून पडत. त्यांना पळवण्यासाठी एक बहिरी ससाणा आणला, तर तो सोडल्याबरोबर उडाला आणि पुन्हा दिसलाच नाही! त्या ससाण्याचे चित्र आजही त्यांच्या बाटल्यांवर आहे. कलिटींपाठोपाठ १९६९ साली डॉ. बिल पॅनेल यांनी 'मॉस वुड' लावला. तिसरे डॉ. केव्हिन कलन. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आरोग्याच्या सदरात त्यांचे स्थान वाइनमुळे नाही.

डॉ. कलन हे जवळच्या बसलटन या लहानशा गावचे साधे कुटुंबवैद्य. १९६६ साली त्यांनी एक विलक्षण उद्योग आरंभला. गावातील झाडून साऱ्या प्रौढ माणसांची आरोग्य तपासणी करायची, आजारी असोत की धडधाकट. रक्तदाब, वजन, रक्त, लघवी, छातीचा दम, सारे काही मोजायचे आणि नोंदवून ठेवायचे. दर तीन वर्षांनी पुन्हा तेच. गावकऱ्यांनी स्वयंसेवक होऊन काम अंगावर घेतले आणि बहुसंख्य गाव रांगेत उभे राहिले. ते काम पुढील पिढ्यांनीही चालू ठेवले. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे किती घातक, अनुवंशाने अंगात लोह साठण्याचा विकार सर्वसाधारण वस्तीत कसा दिसतो, दम्याचे आणि मधुमेहाचे प्रमाण कसे बदलत गेले, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे या एका गावाच्या वह्यांतून जगाला मिळाली. आपल्या तालुक्याच्या गावाएवढे गाव. मनात आणले तर काय होऊ शकते, ते पाहा.

याच कलन दांपत्याने १९७१ मध्ये विल्याब्रप येथे आपला मळा लावला. पत्नी डायना या भौतिकोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांची कन्या व्हान्या पुढे तिथली मुख्य वाइनकर्ती झाली.

म्हणजे हृदयरोगतज्ज्ञानेच वाइनचा मळा लावला, तर वाइन हृदयाला चांगलीच असणार, असे कोणी म्हणेल. तर तसे नाही. डॉक्टरांना शेतीचा छंद होता, एवढाच त्याचा अर्थ.

हृदयाला चांगली?

ही समजूत रुजली ती १९९१-९२ मध्ये. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी. मग ही त्यांच्या रेड वाइनची किमया असावी, असा तर्क निघाला. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर त्याचा गाजावाजा झाला आणि बघता बघता रेड वाइनला औषधाचा मान मिळाला. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचे पोवाडे गायले गेले. पुढे हिशेब केला तेव्हा दिसले, की प्रयोगशाळेत परिणाम करणारी त्याची मात्रा आणि पेल्यातली मात्रा यांचा मेळच बसत नाही.

शिवाय जुन्या पाहण्यांत एक खोट होती. 'न पिणारे' म्हणून ज्यांची गणती झाली त्यांत पूर्वी पिणारे, पण आजारी पडल्यामुळे सोडलेले अनेक जण होते. त्यांच्या शेजारी बेताने पिणारा खाता-पिता माणूस उभा केला तर तो तंदुरुस्त दिसणारच. ही चूक काढून टाकल्यावर वाइनचे बरेचसे पुण्य उडून गेले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की आरोग्याला अपाय होणारच नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. कर्करोगाच्या बाबतीत तर मद्याचे नाव निश्चित कारणांच्या यादीत १९८८ पासूनच आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आपल्याकडे तंबाखूची पुडी आणि मिश्री यांचे राज्य आहे. तंबाखू आणि मद्य दोन्ही असतील तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

आणि हृदयाचेच बोलायचे तर सुटीचा एक खास विकार आहे. शनिवार-रविवारी किंवा सणासुदीला भरपूर पिऊन हृदयाचे ठोके अनियमित होऊन आलेले रुग्ण पाहून १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी त्याला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. एरवी ठणठणीत असलेल्या माणसालाही तो होतो. छातीत धडधड, धाप, चक्कर अशी लक्षणे दिसली तर 'दगदग झाली' म्हणून पडून राहू नये. ऑस्ट्रेलियात तातडीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक तीन शून्ये, ०००, आहे. तो पाठ करून जावा.

घोटाघोटाचा हिशेब

वाइनरीत गेले की चव घ्यायला म्हणून पेल्याच्या तळाशी थोडीशी वाइन ओततात. साधारण ३० मिलिलिटर. आपल्या खोकल्याच्या औषधाचे मोठे चमचे दोन. माणसाला वाटते, एवढ्याने काय होणार? आता हिशेब करा. एका ठिकाणी पाच प्रकार चाखले, आणि दिवसात पाच ठिकाणी गेलात. पंचवीस वेळा ३० मिलिलिटर म्हणजे ७५० मिलिलिटर. पुरी एक बाटली! तीत सुमारे ८० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम मद्यार्काला एक 'प्रमाणित पेय' मानतात. तिथल्या २०२० च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनेनुसार निरोगी प्रौढानेही आठवड्यात अशी दहापेक्षा जास्त आणि कोणत्याही एका दिवशी चारपेक्षा जास्त पेये घेऊ नयेत. गर्भवतीने अजिबात नाही. म्हणजे आपण एका दिवसात आठवड्याचा कोटा जवळजवळ संपवला आणि दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट गेलो, तेही 'मी काही प्यायलोच नाही, नुसती चव घेतली' असे म्हणत.

यकृत तासाला ढोबळमानाने एक प्रमाणित पेय निपटते. काळी कॉफी, लिंबू सरबत, गार पाण्याची आंघोळ यांनी त्याचा वेग तिळभरही वाढत नाही.

खरे जाणकार चव घेऊन वाइन थुंकून टाकतात. त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेलेच असते. आपल्या मंडळींना हे पाहुणचाराचा अपमान केल्यासारखे वाटते आणि ते भिडेखातर गिळतात. तिथे थुंकणे हा शिष्टाचार आहे. संकोच नको. (पान खाऊन रस्त्यावर थुंकताना आपल्याला तो कुठे होतो?)

दम्याच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट. वाइन टिकवण्यासाठी सल्फाइट घालतात आणि काही दमेकऱ्यांना त्याने दम लागतो. ऑस्ट्रेलियन बाटलीवर '२२०' या क्रमांकाने त्याचा उल्लेख आढळेल. कडक शाकाहारी मंडळींनीही जाणून घ्यावे, की काही वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातील प्रथिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. विचारले तर सांगतात.

गोळ्यांचे काय?

मधुमेहाच्या रुग्णांनी हा भाग दोनदा वाचावा. रक्तातली साखर घसरू लागली की यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडते आणि आपल्याला सावरते. मद्य पोटात गेले की यकृत ते निस्तरण्यात गुंतते आणि साखर सोडण्याचे काम मागे पडते. इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे यांची साखर मग धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. तीही लगेच नव्हे, कधी कधी कित्येक तासांनी, रात्री झोपेत. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, तोल जाणे ही तिची लक्षणे. आणि हेच तर प्यायलेल्या माणसाचेही रूप! आजूबाजूचे म्हणतात, 'चढलीय, झोपू दे.' त्या झोपेतून माणूस उठत नाही असे प्रसंग घडतात. म्हणून बरोबरच्या निदान एका माणसाला आपल्या मधुमेहाची कल्पना असावी, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी आणि रिकाम्या पोटी एक घोटही घेऊ नये.

मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी जास्त मद्य घेतले तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर अधिकच. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांबरोबर उपवास, उन्हाने पाणी कमी होणे आणि मद्य अशी तिन्ही जुळून आली तर रक्तात कीटोनची आम्ले वाढू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे, झोपेच्या गोळ्या, फिटची औषधे यांच्याबरोबर तर मद्य नकोच. अंगदुखीवर पॅरासिटामॉल सर्रास घेतले जाते. रोज पिणाऱ्याच्या यकृताला ते नेहमीच्या मात्रेच्या थोडे वर गेले तरी जड जाते.

म्हणून त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे: आजवर घेत नसाल तर हृदयाच्या नावाने सुरू करू नका. घेत असाल तर जेवणाबरोबर, एकाच ठिकाणी, थोडी, आणि आधी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून. त्या मळ्यांमध्ये पाव, चीज, ऑलिव्ह, गार सावली आणि सुंदर देखावा हे सर्व न पिणाऱ्यालाही मिळते.

आता वहिनींचा प्रश्न

वाइनरीतून निघून थेट समुद्रात जाऊ नये. हे पथ्य इतर सर्व पथ्यांच्या आधीचे. मद्याने तोल आणि अंदाज दोन्ही बिघडतात, धाडस मात्र वाढते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने गार पाण्यात अंगातली ऊब लवकर निघून जाते. तिथले पाणी कोकणच्या पाण्यापेक्षा चांगलेच थंड असते. एकदम उडी घेतली तर श्वास अडखळतो आणि पहिल्याच क्षणी नाकातोंडात पाणी जाते. हृदयरुग्णाला हा धक्का सोसेलच असे नाही.

दुसरा धोका ओढीचा. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखादी वाट शोधते आणि त्या वाटेने जोरात आत खेचले जाते. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतो. नवखा माणूस तीच जागा सुरक्षित समजून तिथे उतरतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंच करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन लाटा फुटतात त्या बाजूने बाहेर यावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ते आपण विसरलेलो नाही.

ऑस्ट्रेलियात जीवरक्षक लाल-पिवळी निशाणे रोवतात. पोहायचे ते त्या दोन निशाणांच्या मधेच. मार्गारेट रिव्हरच्या सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, आणि जिथे असतात तिथेही ठरावीक हंगामातच. प्रेव्हेली, यालिंगप येथील मोठ्या लाटा लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांसाठी आहेत. आपण काठावरून पाहाव्यात. वयस्कर मंडळींना बसलटनची उथळ, शांत खाडी बरी. चुनखडीच्या कड्यांखाली सावलीला बसू नये. २७ सप्टेंबर १९९६ रोजी ग्रेसटाउनजवळ शालेय स्पर्धा पाहत बसलेल्या लोकांवर असाच कडा कोसळला आणि नऊ जण दगावले.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी फिरू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते. तापल्या वाळूचा चटका कळत नाही, शिंपल्याची धार कळत नाही. कळते ते चार दिवसांनी, मोज्याला पाणी लागल्यावर. किनाऱ्यावर पट्ट्याची मऊ चप्पल घालावी आणि रात्री तळपाय उजेडात पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. सहलीवरून परतताना पायाची जखम घेऊन येणारे रुग्ण आम्ही इतके पाहिले आहेत, की हा परिच्छेद वाइनपेक्षाही महत्त्वाचा समजावा.

तिथल्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाची गंमत अशी, की वारा गार असल्याने ते जाणवत नाही. अतिनील किरणे मात्र भर दुपारी अत्यंत तीव्र असतात. गोऱ्या कातडीला त्वचेचा कर्करोग होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा असा प्रचार चालवला. आपल्या सावळ्या रंगाने तो धोका कमी होतो, पण डोळ्यांना रंगाचे कवच नाही. मोतीबिंदू आणि बुबुळावर वाढणारा मांसल पडदा यांना ऊन हातभार लावते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड असते, तिने कातडी उन्हाला हळवी होते. रुंद काठाची टोपी, गॉगल आणि लांब बाह्यांचा सुती सदरा एवढे पुरे.

संध्याकाळी डास. नैर्ऋत्येकडील या भागात 'रॉस रिव्हर' नावाचा विषाणू डासांमार्फत पसरतो. ताप, पुरळ आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळणारी सांधेदुखी. आपला चिकुनगुन्या आठवा, त्याच कुळातला हा भाऊबंद. त्यावर लस नाही. अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम हाच उपाय. गुहा पाहायला जाणार असाल तर 'लेक केव्ह'ला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि उतरलेल्या सगळ्या परत चढाव्या लागतात. गुडघ्यांना आधी विचारा.

मोटार चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. तिथे रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पोलीस वाटेल तिथे थांबवून श्वास तपासतात. आपल्याकडची मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे कागदावर आपण अधिक कडक! त्यात तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. वाइनरी फिरवणाऱ्या छोट्या बसगाड्या मिळतात, त्या बऱ्या. मुलाच्या हातात चक्र देऊन त्यालाच 'घे रे एक' म्हणणारे वडील आपण पाहिले आहेत.

निघण्यापूर्वी प्रवासी विमा काढावा आणि त्यात जुने आजार लपवू नयेत. दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघाताची भरपाई बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, हे बारीक अक्षरात लिहिलेले असते. औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत ठेवावीत, सोबत औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्यावी. लोणची-पापड नेणार असाल तर विमानतळावर जाहीर करावेत.

आणि मोकळ्या हवेत पाय मोकळे करायचे असतील तर त्या भागात सर्वांत उत्तम जागा म्हणजे बसलटनचा लाकडी धक्का. सुमारे १ किलोमीटर ८४१ मीटर समुद्रात गेलेला, सपाट, एकही चढ नाही. जाऊन-येऊन पावणेचार किलोमीटर होतात. सकाळी नाश्त्यानंतर, ऊन चढण्याआधी निघावे. पाय थकलेच तर त्याच धक्क्यावरून एक छोटी आगगाडी धावते.